रोज दोनशे माणसं भेटतात, मग साहेबांचा अंदाज चुकतो कुठे?

पत्र: मी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात नऊ वर्षं काम करते. मुख्य रस्ता रुंद करायचा की नाही, यावरून गेल्या वर्षभरात मतदारसंघाची सरळ दोन शकलं झाली आहेत. आता रस्ता बाजूलाच राहिला. कोण कुठल्या पक्षाचा, यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. मागची जाहीर सभा आरडाओरड्यात उधळली. साहेब म्हणतात, "ओरडणारी चार टाळकी आहेत. मला रोज दोनशे माणसं भेटतात, लोक माझ्याबरोबर आहेत." मला तसं वाटत नाही, पण हातात पुरावा नाही. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांचा एका व्यासपीठावर जाहीर वाद ठेवावा आणि मोबाइलवरून एक मतचाचणी घ्यावी असं मनात आहे. बरोबर होईल का? आणि कार्यकर्ते बिथरले तर काय करायचं?

उत्तर: दोन्ही बेत तूर्त बाजूला ठेवा. का ते पुढे येईलच. आधी तुमच्या पत्रातल्या सगळ्यात कामाच्या वाक्याकडे वळू, आणि ते वाक्य साहेबांचं आहे: रोज दोनशे माणसं भेटतात.

साहेब खोटं बोलत नाहीत. पण ही दोनशे माणसं आपण होऊन आलेली असतात, नाहीतर कुणीतरी आणलेली. काम अडलेला येतो, रागावलेला येतो, ज्याला साहेबांच्या नजरेत राहायचंय तो तर येतोच येतो. ज्याचं काही अडलेलं नाही आणि ज्याला कुणी आणत नाही, तो घरी असतो. मतदार यादीत संख्या त्याचीच जास्त.

रिचर्ड फेनो नावाचे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्यांबरोबर त्यांच्या मतदारसंघांतून हिंडले. सदस्याच्या डोक्यात मतदारसंघ एक नसतो, एकात एक बसलेली चार वर्तुळं असतात, असं त्यांनी मांडलं: नकाशावरचा मतदारसंघ, आपल्याला मत देणारे, आपल्यासाठी राबणारे आणि अगदी आत मोजकी विश्वासातली माणसं. "लोक म्हणतात" असं नेता म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आतल्या दोन वर्तुळांतलं कुणीतरी तसं म्हणालेलं असतं.

याचं मोजमापही झालं आहे. ब्रूकमन आणि स्कॉव्हरन यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या राज्य पातळीवरच्या राजकारण्यांना विचारलं होतं, अमुक प्रश्नावर तुमच्या मतदारसंघातले किती टक्के लोक बाजूने असतील? दोन्ही पक्षांचे अंदाज एकाच दिशेला चुकले. मतदार आहेत त्यापेक्षा जास्त उजवे आहेत, असं सगळ्यांनाच वाटत होतं. उजव्या विचारांचे लोक प्रतिनिधींशी जास्त संपर्क ठेवतात, हे त्याचं एक कारण सांगितलं गेलं. साहेबांवर हसायच्या आधी हेही वाचा: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी काँग्रेसमधल्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांची अशीच परीक्षा झाली आणि तेही सपशेल चुकले. माहितीसाठी जे उद्योगांच्या आणि उजव्या विचारांच्या दबावगटांवर जास्त विसंबून होते, त्यांचे अंदाज जास्त वाकडे निघाले. तेव्हा "मला तसं वाटत नाही" हे तुमचं वाटणंही सध्या साहेबांच्या वाटण्याइतकंच कच्चं आहे.

म्हणून पहिलं काम वही. चार आठवडे, येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक ओळ. रकाने सहाच ठेवा: भाग, अंदाजे वय, स्त्री की पुरुष, पहिल्यांदा की पुन्हा, एकटा की कुणाबरोबर, आणि स्वतःचं काम की मत सांगायला. नाव लिहू नका. नाव आलं की लोक दबकून बोलतात आणि वही कुणाच्या हाती लागली तर फुकटचा घोळ होतो. हे दारातच, माणूस आत जायच्या आधी लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेली वही म्हणजे तुमच्याच समजुतींची वही. चार आठवड्यांनी दोन गोष्टी मोजा. रोजच्या दोनशेंतली किती माणसं त्याच महिन्यात पुन्हा आलेली होती? आणि वय, भाग, स्त्री-पुरुष यांचं वहीतलं प्रमाण मतदार यादीतल्या प्रमाणाशी कितपत जुळतं? ज्या भागातून महिनाभर एकही ओळ नाही, त्या भागाची नावं वेगळ्या कागदावर काढा. तो कागद पुढे लागेल.

आता मोबाइलवरची मतचाचणी. ती एका गटात टाकलीत की तासाभरात दहा गटांत जाईल, दोन्ही बाजू आपापली माणसं जमवतील आणि निकाल लागेल तो जमवण्याच्या ताकदीचा. आकडा मोठा आहे म्हणून खरा असेल, ही समजूत जुनी आहे आणि ती जगजाहीर फसलेली आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि लँडन जिंकणार असं भाकीत छापून आलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे मुळात वेगळे लोक होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

नीट निवडायचं म्हणजे चिठ्ठीने. तुमच्या कार्यालयाला मतदार यादी या कामासाठी वापरण्याची कायद्याने मुभा असेल, तर रीत सोपी आहे. समजा यादीत २,४०,००० नावं आहेत आणि तुम्हाला ४०० उत्तरं हवी आहेत. काही घरं बंद असतील, काही माणसं नकार देतील, म्हणून ६०० नावं काढा. २,४०,००० भागिले ६०० म्हणजे ४००. एक ते चारशेमधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. तो १३७ निघाला तर यादीतलं १३७ वं नाव, मग ५३७ वं, मग ९३७ वं, असं शेवटपर्यंत.

चारशेच का? निवड खरोखर चिठ्ठीने झाली असेल तर आकडा चुकण्याची मर्यादा साधारण एक भागिले नमुन्याचं वर्गमूळ एवढी असते. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. शंभर माणसांत ती दहा टक्के होते. हजार घेतलीत तर तीन टक्क्यांच्या आसपास, पण खर्च अडीचपट. "अमुक भागातल्या तरुणांचं काय मत?" असं साहेब विचारतील तेव्हा मात्र सावध राहा. चारशेंत ते तरुण साठच असतील तर त्या आकड्याची मर्यादा तेरा टक्क्यांची. त्यावर भाषण बेतू नये.

हे काम बिघडतं ते दारात. घर बंद दिसलं की पाहणी करणारा शेजारच्या घरात जातो. माणूस प्रामाणिक असतो, त्याला वाटतं काय फरक पडतो! फरक एवढा पडतो की दिवसा घरी नसलेला प्रत्येक कामकरी माणूस नमुन्यातून गळतो आणि निवृत्तांची मतं "जनतेची मतं" होऊन बसतात. नियम ठेवा: एका नावासाठी तीन खेपा, वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर आणि एक सुटीच्या दिवशी. त्याच घरातला दुसरा माणूस चालणार नाही, यादीतलंच नाव हवं. दुसरा बिघाड म्हणजे ओळखीचा कार्यकर्ता. तो दारात उभा राहिला की लोक गोड बोलतात. पाहणीला पक्षाशी संबंध नसलेली, त्या भागात अनोळखी असलेली सहा माणसं घ्या. दोन आठवडे लागतील. आणि ६०० पैकी ३०० सुद्धा भेटले नाहीत तर आकडे जाहीर करू नका. आधी चौथी खेप घाला.

प्रश्नाची शब्दरचना हा वेगळाच फास आहे. "रस्ता रुंद करण्याला तुमचा पाठिंबा आहे का?" या प्रश्नाला होकार देणं सोपं जातं, नकार द्यायला जीभ जरा जड होते. असं विचारा: "रस्ता रुंद केला तर कोंडी कमी होईल, पण दोन्ही बाजूंची झाडं आणि काही दुकानं जातील. तसाच ठेवला तर झाडं-दुकानं राहतील, कोंडीही राहील. तुम्हाला यातलं काय चालेल?" अर्ध्या घरांत हा क्रम उलटा करा. पुढचा प्रश्न: "तुमच्या मनासारखं झालं नाही तर शून्य ते दहामध्ये किती त्रास होईल?" हा प्रश्न आम्ही कधीच गाळू देत नाही. दोन शकलं झाली आहेत असं तुम्ही म्हणता. कदाचित दोन टोकांना पोटतिडकीचे थोडे आणि मध्ये दोन-तीन गुण देणारे पुष्कळ, असं चित्र निघेल. नाही निघालं तर तेही कळायला हवंच.

तिसरा प्रश्न समोरच्या बाजूबद्दलचा: "रस्ता नको म्हणणाऱ्या शंभरांतल्या किती जणांची त्या रस्त्यावर स्वतःची जागा असेल?" रस्ता हवा म्हणणाऱ्यांबद्दलही असाच एक. माणसं समोरच्याबद्दल किती भलतं धरून बसतात, त्याचा नमुना सांगतो. अहलर आणि सूद यांच्या २०१८ च्या अभ्यासात अमेरिकी लोकांना वाटत होतं की वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे रिपब्लिकन समर्थक ३८ टक्के असतील. खरा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांत समलिंगी किंवा उभयलिंगी लोक ३२ टक्के असतील असं त्यांना वाटत होतं; होते सहा टक्क्यांच्या आसपास. माणूस भांडत असतो तो अशा कल्पनेतल्या शेजाऱ्याशी. तुमच्याकडचे असे दोन आकडे शेजारी-शेजारी छापता आले तर त्या एका कागदाचा उपयोग दहा आवाहनांपेक्षा जास्त होईल.

निकाल हातात आला की थेट साहेबांपुढे ठेवू नका. आधी एक कोरा कागद द्या आणि चार प्रश्नांवर त्यांचा अंदाज त्यांच्याच हाताने लिहून घ्या: किती टक्के हवा म्हणतील, किती नको, किती जणांना फारसा फरक पडत नाही, आणि विरोध करणाऱ्यांतले किती जण गेल्या वेळी आपल्यालाच मत दिल्याचं सांगतील. पाकीट बंद करा, आणि मग निकाल दाखवा. आधी निकाल दाखवलात तर "हे मला ठाऊकच होतं" किंवा "ही पाहणी विकलेली आहे" यातलं एक वाक्य येणार. स्वतःच्या अक्षरातल्या ६५ शेजारी ४१ दिसलं की ती सोय राहत नाही. हे एकांतात करा. कार्यकर्त्यांसमोर केलंत तर तुमची नोकरी जाईल आणि साहेब अंदाजाला चिकटून बसतील ते वेगळंच.

आता जाहीर वादाकडे. दोन वक्ते, मागे आपापली माणसं. अशा वेळी वक्ता समोरच्याला पटवायला बोलत नाही, आपल्या माणसांच्या टाळ्यांसाठी बोलतो. कडक बोलला तर टाळ्या, एक मुद्दा मान्य केला तर गद्दार. ऐकणाराही मवाळ होत नाही. ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध बाजूची मतं दाखवणाऱ्या खात्याचं अनुसरण करायला लावलं होतं. रिपब्लिकन लोक उलट आणखी उजवीकडे सरकले. डेमोक्रॅट किंचित डावीकडे, पण तो फरक नोंद घेण्याइतका नव्हता. मग दोन्ही गटांना वेगवेगळं बसवून शांत करावं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तोही नको. २००५ मध्ये कोलोरॅडोत डाव्या कलाच्या बोल्डरमधले आणि उजव्या कलाच्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमधले लोक आपापल्या ठिकाणी लहान गटांत चर्चेला बसवले होते. उठले तेव्हा दोन्हीकडचे लोक बसताना होते त्याहून टोकाला गेलेले होते.

तुमची उधळलेली सभा साध्या गणितानेच उधळली असणार. तीनशे माणसं, दोन तास, एक माइक असं धरा. स्वागत आणि आभार पंधरा मिनिटं, साहेबांचं भाषण तीस. उरली पंचाहत्तर. माणशी तीन मिनिटं म्हणजे पंचवीस जण बोलले, आणि ते पंचवीस कोण? माइकजवळ आधी पोहोचलेले. बाकीचे पावणेतीनशे जण दुसऱ्याचं ओरडणं ऐकून घरी गेले.

त्याऐवजी अठ्ठेचाळीस माणसं, सहा टेबलं, प्रत्येकी आठ. निवड पुन्हा चिठ्ठीने, पण इथे निमंत्रणं भरपूर लागतात. ब्रिटनमध्ये २०२० च्या हवामानविषयक नागरिक सभेसाठी तीस हजार घरांना पत्रं गेली आणि शेवटी १०८ सदस्य बसले. तुम्ही हजार-दीड हजार पत्रं धरा. होकार देणाऱ्यांतून अठ्ठेचाळीस निवडताना भाग, वय, स्त्री-पुरुष यांच्याबरोबर रस्त्याबद्दलचं मतही पाहणीतल्या प्रमाणात ठेवा, म्हणजे सभा एकतर्फी असल्याचा आरोप टिकणार नाही. वहीतून काढलेला तो गप्प भागांचा कागद इथे कामी येतो: तिथे पत्रावर थांबू नका, फोन करा, दारात जा. प्रवासखर्च द्या, बुडालेल्या दिवसाचे पैसे द्या, मुलांना सांभाळायची सोय करा. हे टाळलंत तर लहान मुलांच्या आया आणि रोजंदारीवरची माणसं येणार नाहीत, आणि पुन्हा नेहमीचेच यशस्वी.

प्रत्येक टेबलाला एक संचालक आणि एक लिहिणारा. पहिल्या फेरीत मत विचारायचंच नाही. "हा रस्ता तुमच्या दिवसात कुठे येतो?" एवढंच, प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. म्हणजे सोळा मिनिटं. लोक या फेरीला वेळेचा अपव्यय समजतात आणि घाई असली की हीच आधी कापतात. तीच कापू नये. ब्रूकमन आणि कल्ला यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायामीतल्या प्रयोगात ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह दारातल्या सुमारे दहा मिनिटांच्या बोलण्याने कमी झाला आणि निदान तीन महिने तसा राहिला. कार्यकर्त्यांनी तिथे युक्तिवाद झोडले नव्हते, समोरच्याला स्वतःचा अनुभव आठवायला लावला होता. (याच पद्धतीवरचा आधीचा एक गाजलेला निबंध बनावट आकड्यांपायी २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला. ते उघडकीला आणणाऱ्यांत हेच दोघे होते, म्हणून त्यांच्या आकड्यांवर आमचा जरा जास्त भरवसा.)

मग माहितीचा दोन पानी कागद. त्यातलं प्रत्येक वाक्य दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाने आधी वाचून सही केलेलं असावं. ज्या वाक्यावर सही मिळत नाही ते "वादातलं" या शीर्षकाखाली टाका, गाळू नका. शेवटी प्रत्येक टेबल तीन याद्या लिहितं: पटलेलं, न पटलेलं, अजून कळायला हवं असलेलं. तिसरी यादी बहुधा सगळ्यात लांब होते आणि अभियंत्यांना तीच हवी असते.

साहेब कुठे? एका टेबलावर नववी खुर्ची. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, शेवटची दहा मिनिटं त्यांची. हे त्यांना जमणार नाही. पाचव्या मिनिटाला ते खुलासा करायला लागतील, कारण उत्तर देणं हाच त्यांचा आजवरचा धंदा. संचालकाला आधीच सांगून ठेवा की त्याने "साहेब, प्रश्न?" एवढेच दोन शब्द बोलायचे. छायाचित्रकार पहिल्या दहा मिनिटांनंतर बाहेर.

आयर्लंडने २०१६ ते २०१८ मध्ये ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशी सभा बसवली. गर्भपातासारख्या देश दुभंगलेल्या विषयाला तिने पाच शनिवार-रविवार दिले. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी घटनेतली बंदी उठवायला कौल दिला. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याचं मत बदललं नाही, आणि तसं ते बदलावं हा हेतूही नसावा. फ्रान्सची गोष्ट उलटी. २०१९ मध्ये हवामानावर १५० नागरिक बसवताना अध्यक्ष माक्राँ यांनी त्यांचे प्रस्ताव "गाळणीविना" पुढे पाठवण्याचं वचन दिलं. १४९ प्रस्ताव आले, तीन त्यांनी लगेच बाजूला काढले, उरलेल्यांतले बरेच पुढे पातळ झाले. २०२१ मध्ये त्याच नागरिकांनी सरकारच्या प्रतिसादाला दहापैकी सरासरी ३.३ गुण दिले.

म्हणून निमंत्रणपत्रातच लिहा की निर्णय कुणाचा आणि कशावर बोलायला वाव आहे. रस्ता होणारच असं वरून ठरलेलं असेल तर "करायचा का" हे विचारू नका. "कसा, किती, कुणाला किती भरपाई" हे विचारा. तीस दिवसांत एक पान छापा: तुम्ही काय म्हणालात, त्यातलं काय करतोय, काय करणार नाही आणि का. "करणार नाही" हा रकाना रिकामा सोडलात तर पहिल्या दोन रकान्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

एक अप्रिय शक्यताही धरून चाला. मतदारसंघ दुभंगलेला असणं साहेबांच्या सोयीचं असू शकतं; विरोधकांच्या भीतीवर जागा टिकते तिथे एकही टेबल बसू दिलं जात नाही. ओळखायची खूण अशी: त्यांना आकडे निर्णयाआधी हवे आहेत की घेतलेल्या निर्णयाला टेकू म्हणून? दुसरं असेल तर पाहणीचा खर्च करू नका. वही मात्र चालू ठेवा, तिला खर्च नाही.

राहिले कार्यकर्ते. ते बिथरतील ते वहीतल्या "कुणाबरोबर आला" या रकान्यापायी, कारण साहेबांपर्यंतची वाट आपल्या हातात असणं हीच त्यांची मिळकत आहे. तो रकाना शब्दांत लिहूच नका, आकड्यांत लिहा: १ म्हणजे एकटा, २ म्हणजे घरच्यांबरोबर, ३ म्हणजे आणखी कुणाबरोबर. कुठला कार्यकर्ता ते नोंदवायचंच नाही. आणि दारावरची वही लिहायचं काम पहिल्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एकाला द्या. त्याच्याच हाताने "पुन्हा" हा शब्द चाळीस वेळा लिहून झाला की बाकीच्यांना काय चाललंय ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.